एका ओळीचं काम

शंकासुर त्याच्या टेबलापाशी येऊन थांबला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते, आणि तो इथे थांबला यातच काहीतरी चुकलं होतं. चाचणी विभागातल्या या किरकिऱ्या माणसाला हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. पण शंका आली की स्वारी खिडकीजवळच्या टेबलाकडे, ताईंकडे जाणार, हे सगळ्या मजल्याला पाठ होतं. अकरा वर्षं तो तिकडेच जात आला होता. आज तीन टेबलं अलीकडे थांबून शंकासुराने हातातला कागद पुढे केला. मधे दोन वर्षं नोकरी सोडून परत आलेल्या माणसाच्या पेन्शनवर व्याज कोणत्या तारखेपासून धरायचं, एवढाच प्रश्न होता. ऐकणाऱ्याने सवयीने हनुवटी ताईंकडे वळवली. शंकासुर जागचा हलला नाही. "मशीन म्हणतंय तुम्हाला विचार," तो म्हणाला. मशीन म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी बसवलेला नवा मदतनीस. साध्या भाषेत प्रश्न टाकला की तो सगळा प्रोग्राम वाचून उत्तर द्यायचा, आणि उत्तर सापडलं नाही तर कोणाकडे जायचं त्या माणसाचं नाव सांगायचा. ताईंनी हे ऐकलं असणार. त्यांच्या कीबोर्डाचा आवाज थांबला नाही. शंकासुराला त्याने उत्तर दिलं, व्यवस्थित दिलं, आणि देता देता लक्षात आलं की आपण ताईंचीच वाक्यं, त्यांच्याच क्रमाने बोलतो आहोत, अगदी 'इथे घाई करू नये' या शेवटच्या शब्दांपर्यंत. शंकासुर मान हलवत गेला. उत्तर देणाऱ्याला बरं वाटलं. छातीच्या मधोमध, गरम पाणी प्यायल्यावर वाटतं तसं. पुढे कित्येक दिवस तो या बरं वाटण्याकडे परत परत जाणार होता, खपलीला नख लागत राहावं तसा.

मशीनने त्याचंच नाव का घेतलं हे त्याला त्याच क्षणी ठाऊक होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय नव्हती. या धंद्यात प्रत्येक ओळीवर नाव असतं. प्रोग्रामच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, ती शेवटची कोणी आणि कधी बदलली ते शेजारी उमटतं. पेन्शनचं गणित करणारी ही सगळी यंत्रणा एकवीस वर्षांपूर्वी ताईंनी लिहायला घेतली, तेव्हा त्यांच्या हाताखाली दोन माणसं होती आणि तीही वर्षभरात निघून गेली. ओळी जिथून सुरू करायच्या तिथे समासात काही रिकाम्या जागा सोडतात. कोणी दोन सोडतं, कोणी चार. ताई तीन सोडायच्या. जगात तीन कोणी सोडत नाही. तो नवा असताना त्याने कारण विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या होत्या, दोन म्हणजे कंजूषपणा आणि चार म्हणजे थाटमाट, आपलं घर मध्यम आहे. मशीन आणायचं ठरलं तेव्हा त्याला खाऊ घालण्याआधी सगळ्या ओळी एकसारख्या करून घ्या असा हुकूम आला, आणि ते काम त्याच्याकडे आलं. त्याने एका दुपारी नीटनेटकेपणाची आज्ञा सोडली. नव्वद सेकंदांत चार लाख ओळींच्या समासात एकेक रिकामी जागा वाढली, तीनाच्या चार झाल्या. एकही अक्षर बदललं नाही. पण ओळ बदलली ती बदलली. चार लाख ओळींच्या शेजारी त्याचं नाव लागलं.

यावर तोड आहे, आणि ती अगदी सोपी आहे. अशा वरवरच्या बदलांसाठी एक छोटी फाइल ठेवतात, वगळण्याची यादी. तिच्यात त्या बदलाचा क्रमांक एका ओळीत टाकला की मशीन, माणूस, जो कोणी पाहील त्याला तो बदल दिसतच नाही, त्याच्या पलीकडचं मूळ नाव दिसतं. एका ओळीचं काम. आवराआवर करणाऱ्याने ती ओळ त्याच दिवशी स्वतः टाकायची, अशी या टीमची रीत होती, आणि ती ताईंनीच पाडली होती. घर झाडणाऱ्याने घर माझं म्हणू नये, असं त्या म्हणायच्या. त्या दुपारी त्याला मुलीला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ओळ उद्या टाकू, असं म्हणून तो उठला. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच विसरला. तिसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा तो मीटिंगमध्ये होता. मग शंकासुर आला, मग हिशेबाच्या बाजूचे दोघे आले, मग वरच्या मजल्यावरून एक फोन आला, आणि प्रत्येक वेळी मशीनने त्याचंच नाव सांगितलेलं असायचं. आता ती ओळ टाकायची म्हणजे चालत्या वरातीतून नवरदेवाने स्वतःहून घोड्यावरून उतरायचं होतं.

घोड्यावर बसायला त्याला उशीरच झाला होता, असं तो स्वतःला सांगायचा. चाळिशी जवळ आलेली. त्याच्या बरोबरीचे केव्हाच नोकऱ्या बदलत बदलत कुठल्या कुठे पोचले होते, आणि तो मात्र चौदा वर्षं त्याच मजल्यावर, 'ताईंचा माणूस' म्हणून. हे कोणी वाईट अर्थाने म्हणायचं नाही, म्हणूनच ते जास्त लागायचं. इथे आला तेव्हा त्याला चारचौघांत बोलता यायचं नाही, मीटिंगमध्ये पाळी आली की कान तापायचे. पहिले चार महिने ताईंनी त्याला एक ओळ लिहू दिली नाही. "आधी वाच," त्या म्हणायच्या, "लिहायला सगळं गाव बसलंय." तो वाचायचा. त्यांच्या प्रोग्राममध्ये जागोजाग माणसांसाठी टिपा होत्या, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या असाव्यात तशा. 'हे विचित्र दिसतं पण बरोबर आहे.' 'इथे हात लावण्याआधी फेब्रुवारी तपासा.' दुसऱ्या वर्षी त्याने फेब्रुवारी न तपासता हात लावला, आणि एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या तीनशे बारा म्हाताऱ्यांना पत्रं गेली की तुमचं वय सतरा असल्याने पेन्शन बंद करण्यात येत आहे. बाहेर लोक हसले. आत बारा माणसांची बैठक बसली आणि टेबलाच्या टोकाकडून प्रश्न आला की हे कोणी केलं. त्याचे कान तापले. ताई उभ्या राहिल्या. "आमच्याकडून चूक झाली," त्या म्हणाल्या, "दुपारपर्यंत दुरुस्त होईल." त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर जिन्यात एवढंच म्हणाल्या की आजोबा मंडळी खूश असतील, सतराव्या वर्षी कोणाला परत जाता येतं. आता, इतक्या वर्षांनी, त्या बैठकीतलं 'आमच्याकडून' त्याला ऐकू यायचं ते दात घासताना, लिफ्टची वाट बघताना, बायको काहीतरी सांगत असताना मध्येच.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. तिला त्याने एका रविवारी सगळं सांगितलं, म्हणजे बरंचसं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. तू काही चोरलंस का, तिने विचारलं. नाही. मुद्दाम केलंस का? नाही. मग ती म्हणाली की आमच्याकडे नळीवरची चिठ्ठी चुकली तर आम्ही चर्चा करत नाही, चिठ्ठी बदलतो. तो म्हणाला, बदलणार आहेच, फक्त हा महिना जाऊ दे, बढतीची बोलणी चालू आहेत. तिने एक चिमटा तोंडात धरला होता तो काढून दोरीला लावला आणि पुढचा कपडा झटकला. तिने आणखी काही बोलायला हवं होतं असं त्याला वाटत राहिलं. आई आतून म्हणाली, बढती झाली की आधी तुझ्या त्या ताईंकडे जाऊन ये, माझ्या ऑपरेशनच्या वेळी नऊ दिवस त्या तुझं काम ओढत होत्या. तो हो म्हणाला.

तक्तेसाहेबांनी त्याला सोमवारी बोलावलं. वर्षभरापूर्वी आलेला हा साहेब वयाने त्याच्याहून लहान होता, सगळ्यांना अरेतुरे करायचा आणि स्वतःलाही करायला लावायचा. भिंतीवर एखादा रंगीत तक्ता असल्याशिवाय त्याला बोलताच यायचं नाही म्हणून हे नाव. भिंतीवर तक्ता होता. साहेब म्हणाला की नवं तंत्र आलं, आता इतक्या माणसांची गरज उरली नाही, हे तुलाही दिसतंयच; कोणाला ठेवायचं यात माझी आवडनिवड नको म्हणून मशीनलाच विचारलं, कोणाला किती माहीत आहे ते. निळा पट्टा त्याचा होता, अठ्ठ्याण्णव टक्के. ताईंचा पट्टा शोधावा लागला. तो दोन टक्क्यांचा होता, पिवळा, इतका बारीक की त्यावर नाव मावलं नव्हतं, बाजूला बाण काढून लिहिलं होतं. साहेब खरोखर चकित झालेला होता. मला वाटायचं त्याच सगळं करतात, तो म्हणाला, माणूस किती फसतो बघ. तू मुख्य अभियंता होतोयस. कमी करायच्या माणसांची यादी शुक्रवारी दुपारी जाईल, तोवर काही दिसलं तर सांग. त्याने घसा साफ केला. हे थोडं तपासायला हवं, असं तो म्हणाला, हे शब्द त्याने मोठ्याने आणि स्पष्ट उच्चारले, त्यात शंका नाही. "काय तपासायचं?" साहेबाने विचारलं. त्याने तक्त्याकडे पाहिलं. पिवळा रंग पांढऱ्यावर नीट दिसत नाही, तो म्हणाला, गडद करायला हवा. साहेबाने मनापासून आभार मानले आणि तिथल्या तिथे रंग बदलला. ताईंचा पट्टा तपकिरी झाला.

सोमवार ते शुक्रवार हे दिवस त्याला पुढे तासातासाने आठवत राहिले. मंगळवारी त्याने ती फाइल उघडली, क्रमांक टाकला, आणि जतन न करता मिटली, कारण शेजारून कोणी जात होतं. बुधवारी त्याने मनाशी पक्कं केलं की ओळ टाकण्यात अर्थ नाही, साहेबाशी समोरासमोर बोलावं. साहेब परगावी होता. त्याने पत्र लिहायला घेतलं आणि त्यात इतक्या तांत्रिक खुलाशांची भर घातली की शेवटी त्यात आपण नेमकं काय म्हणतोय ते त्यालाच सापडेना. गुरुवारी जेवायच्या सुट्टीत ताई त्याच्यासमोर येऊन बसल्या. डबा उघडून त्या आपल्या वडिलांविषयी, अण्णांविषयी, बोलत होत्या. वडील सत्त्याऐंशीचे, हल्ली दर तासाला ताईंना फोन करून विचारायचे की आज कोणता वार, आणि सांगितलं की म्हणायचे, काल पण हाच होता. ताई हसल्या. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "काही सांगायचंय का तुला?" त्यांच्या चष्म्याच्या एका काचेवर बोटाचा ठसा होता. त्याला तो पुसावासा वाटला. ते टेबल, तो ठसा, पलीकडे कोणीतरी चमचा पाडल्याचा आवाज, हे सगळं पुढे त्याच्यापाशी जसंच्या तसं राहिलं. "नाही ताई," तो म्हणाला, "कुठे काय." त्यांनी मान डोलावली, जणू त्याने उत्तर दिलं होतं. शुक्रवारी तीन वाजता त्यांना वर बोलावलं. त्या पंधरा मिनिटांत खाली आल्या, जागेवर बसल्या आणि अर्धवट राहिलेलं काम संध्याकाळपर्यंत पूर्ण करूनच उठल्या.

नियमाप्रमाणे त्यांना शेवटचे पाच दिवस कामाची सोपवणूक करायची होती, आणि ती अर्थातच त्याच्याकडे. दोघं शेजारी बसायचे. त्या सांगत, तो लिहून मशीनला देई, मशीन ते साठवून घेई आणि मध्येच धन्यवाद म्हणे. ताईंना त्या धन्यवादाची गंमत वाटायची. एकवीस वर्षांत व्यवस्थापनाने म्हटलं नाही ते हे पोर म्हणतंय, त्या म्हणाल्या. शंकासुर रोज काही ना काही निमित्त काढून यायचा, शंका न विचारताच परत जायचा. ताईंनी काही राखून ठेवलं नाही. कोणत्या विभागाच्या नोंदी सालोसाल चुकीच्या येतात, कोणत्या कारकुनाला फोन केला की काम होतं, आणि कोणत्या ओळी त्यांच्या स्वतःच्याही मनाला पटलेल्या नाहीत, हे सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी दुपारी सांगण्यासारखं काही उरलं नाही. पडद्यावर एक पान उघडं होतं आणि त्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत, ओळीमागून ओळ, त्याचं नाव होतं. इतके दिवस दोघं त्या कडेकडे न बघता काम करत होते. आता ताई तिकडे बघत होत्या.

"मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं," त्या म्हणाल्या.

त्याचे कान तापले. ती एक ओळ तुम्हीच का टाकली नाहीत, असं त्याने विचारलं. विचारताना आवाजात तक्रार आली, जणू चूक त्यांची होती.

"माझ्या नावासाठी मी टाकायची?" त्या म्हणाल्या. "तू टाकशील म्हणून रोज सकाळी आल्या आल्या ती फाइल उघडून बघायचे. आधी तेवढं बघायचे, मग चहाला जायचे."

तो काहीतरी बोलू लागला, दातांचे डॉक्टर, मीटिंग, परगावी गेलेला साहेब. त्यांनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तो नवा असताना त्याच्या चुकांची कारणं ऐकून घ्यायच्या तशा. त्या रागावल्या असत्या तर त्याला काहीतरी हाताला लागलं असतं. त्या फक्त दमलेल्या दिसत होत्या. नोकरीचं एक वेळ ठीक आहे, त्या म्हणाल्या, ती आज ना उद्या जायचीच होती, हे पोर सगळ्यांच्याच नोकऱ्या घेणार आहे, तुझीसुद्धा. पण मी घरी जाऊन अण्णांना सांगायचे की आज नाही टाकली, उद्या टाकेल. अण्णा विसरायचे, म्हणून रोज नव्याने सांगावं लागायचं. मग त्या उठल्या, पिशवी घेतली, आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवतील असं त्याला वाटलं. त्यांनी ठेवला नाही. टाक आता, एवढं म्हणाल्या, पुढच्याला तरी खरं दिसू दे.

त्याने सोमवारी सकाळी ती टाकली. बारा सेकंद लागले. कडेची नावं वरून खाली बदलत गेली, पानामागून पान, आणि सगळीकडे ताई उमटल्या, मधूनच कुठे तो, फेब्रुवारीजवळ थोडासा, व्याजाच्या एका कोपऱ्यात. एकूण नऊ टक्के निघाला. चौदा वर्षांचे नऊ टक्के. त्याला वाटलं होतं त्याहून ते कमी होते, पण ते त्याचे होते, आणि त्या सकाळी त्याला कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेता आला. हे चार दिवस टिकलं. लोक मशीनला विचारायचे, मशीन ताईंचं नाव सांगायचं, लोक ताईंना निरोप टाकायचे आणि निरोप परत यायचे. गुरुवारी तक्तेसाहेब स्वतः खाली आला. रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. गेलेल्या माणसाचं नाव सांगणाऱ्या मशीनचा उपयोग काय, साहेबाने विचारलं. त्याने खरं काय ते सांगितलं. उभ्याने, मजल्यावर, सगळं सांगितलं. शंकासुरसुद्धा मान वर करून ऐकत होता. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, असेल, पण यादी जाऊन झाली, पत्रं गेली. आता ताई परत यायच्या नाहीत, तर निदान काम तरी अडू नये. "ती ओळ काढून टाक. तुलाच सगळं माहीत आहे ना आता?" आणि तसं पाहिलं तर ते खरं होतं. पाच दिवस शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं होतं. त्याने ती ओळ काढली. काढायलाही बाराच सेकंद लागले. शंकासुराने मान खाली घातली, आणि त्यानंतर तो त्याच्या टेबलाकडे कधी आला नाही. शंका आली की मशीनलाच विचारायचा, आणि उत्तर चुकीचं असलं तर तसंच पुढे जाऊ द्यायचा.

बढतीचं पत्र आलं त्या दिवशी बायकोने त्याचं अभिनंदन केलं, मुलीने गळ्यात हात टाकले. चिठ्ठी बदलली का, हे बायकोने विचारलं नाही. आईने दोनदा विचारलं की ताईंकडे कधी जाणार आहेस, आणि मग तीही विचारेनाशी झाली.

साडेतीन महिन्यांनी, दुपारी, अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज होता, पाठ केलेलं बोलणारा. एका छोट्या कंपनीत अर्धवेळ जागेसाठी अर्ज आलेला आहे, अर्जदाराने पूर्वीच्या नोकरीतला संदर्भ म्हणून तुमचं नाव दिलं आहे, दोन मिनिटं आहेत का. तिने ताईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तसं ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तो उठून जिन्यात गेला. माझंच नाव दिलंय का, त्याने विचारलं. एकच नाव मागितलं होतं, बाई म्हणाली, तुमचंच आहे. किती वर्षं ओळखता? चौदा. त्या तुमच्या हाताखाली होत्या का? नाही, तो म्हणाला, मी त्यांच्या हाताखाली होतो. बाई लिहून घेत होती, बटणांचा आवाज येत होता. पेन्शनची यंत्रणा आम्ही उभारली असं त्यांनी लिहिलंय, ती म्हणाली, त्यात त्यांचं स्वतःचं काम किती?

"आम्ही असं लिहिलंय?"

"हो. आम्ही उभारली."

त्याने भिंतीला हात टेकला. भिंत गार होती. सगळं त्यांचं आहे, तो म्हणाला, त्यांनी लिहिलं आणि आम्ही वाचलं. असं कसं लिहू, बाई म्हणाली, आकडा हवाय. एक्क्याण्णव, तो म्हणाला. तिने तो आकडा पुन्हा उच्चारून लिहून घेतला, आणि म्हणाली की आता शेवटचा प्रश्न, हो किंवा नाही एवढंच सांगा: संधी मिळाली तर या व्यक्तीबरोबर पुन्हा काम कराल का?

वरच्या मजल्यावर कोणीतरी दार ढकललं आणि ते बराच वेळ हलत राहिलं. बाईने हॅलो म्हटलं. मग परत म्हटलं.

"हे त्यांना विचारा ना," तो म्हणाला. "त्या करतील का म्हणून."

"तसा रकाना नाहीये," बाई म्हणाली. ती थांबून राहिली. कोणीतरी रडत असेल तर थांबतात, तशी. "मी 'हो' लिहिते," ती हळूच म्हणाली, आणि बटण दाबल्याचा आवाज आला.